मोठ्या बाईंचं तांबडं वर्तुळ

घुमीला घुमी म्हणतात ही जगातली सगळ्यात मोठी थाप आहे. कधीकाळी ती खरोखर घुमी होती. वर्गात नाव पुकारलं तरी हजेरी द्यायला तिच्या घशातून आवाज निघायचा नाही. पण गेल्या वर्षी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिला कोणीतरी ढकलून व्यासपीठावर उभं केलं, तिने तोंड उघडलं, आणि ते आजतागायत मिटलेलं नाही. बाबा म्हणतात, "नळ सोडायला गेलो आणि धरण फुटलं." नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई विद्यापीठात असते, आणि तिचं काम काय हे सांगताना घरातल्या प्रत्येकाची दमछाक होते. विषयाचं नाव तौलनिक शिक्षण. म्हणजे एका देशातल्या शाळा आणि दुसऱ्या देशातल्या शाळा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, कुठली मुलं काय शिकतात, का शिकतात, का शिकत नाहीत. इथपर्यंत ठीक. पण आई शाळासुद्धा बघत नव्हती! शाळांवर जे लोक लेख लिहितात त्यांच्या लेखांवर ती लेख लिहीत होती. इतक्या वर्षांत या विषयात कोणी काय लिहिलं, कधी कशाची चलती होती, कोणी कोणाचा आधार घेतला, याचा एक भलामोठा नकाशा ती बनवत होती.

"म्हणजे शेजारी काय करतात ते बघायचंच नाही," बाबा म्हणाले, "शेजाऱ्यांबद्दल कोण काय बोलतं तेवढं बघायचं."

"अगदी तेच," आई म्हणाली. "फक्त तळटिपा देऊन."

नकाशा दिसायला मात्र झकास होता. प्रत्येक लेखाचं एक वर्तुळ. दुसऱ्या कुठल्या लेखात त्याचा उल्लेख आला की दोघांमध्ये एक रेघ. जितके उल्लेख जास्त, तितकं वर्तुळ मोठं. बहुतेक लेख मोहरीएवढे होते, काही वाटाण्याएवढे, आणि बरोब्बर मधोमध एक वर्तुळ असं काही फुगलं होतं, की जणू मोहरीच्या ढिगात कोणी भोपळा आणून ठेवलाय.

तो भोपळा मोठ्या बाईंचा.

मोठ्या बाई म्हणजे आईच्या गुरू. आईला संशोधनाची बाराखडी त्यांनी शिकवली, आणि चुकलं की कान पिळायलाही कमी केलं नाही. आता त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि विभागाने त्यांचा सत्कार ठरवला होता. तरुणपणी बाईंनी दोन देशांच्या शाळांची तुलना केली होती. एका देशात नापास मुलाला त्याच वर्गात मागे ठेवत, दुसऱ्या देशात सगळ्यांना वर ढकलत. बाईंनी दाखवून दिलं, की मागे ठेवणाऱ्या देशातली मुलं वरच्या वर्गात जास्त गुण मिळवतात. म्हणजे मागे ठेवलेलं मूल पक्कं होतं! त्या एका लेखावर बाई जगभर गाजल्या. सत्काराच्या दिवशी दालनाच्या भिंतीवर आईचा नकाशा लावायचा, मधोमध बाईंचं वर्तुळ, आणि आईने त्यावर बोलायचं, असं विभागप्रमुखांनी जाहीरही करून टाकलं.

पण आईला नुसती मोजदाद पुरत नाही. ती म्हणाली, "उल्लेख झाला म्हणजे कौतुकच झालं असं थोडंच आहे? तुझे बाबा दिवसातून दहा वेळा माझ्या स्वयंपाकाचा उल्लेख करतात."

म्हणून सगळी सुट्टी जेवणाच्या टेबलावर एक कारखाना चालू होता. आई एकेक लेख उघडायची, बाईंच्या त्या लेखाचा उल्लेख जिथे आलाय तेवढं एकच वाक्य शोधून वाचायची आणि निकाल द्यायची. "बाजूने!" की घुमी ठिपका हिरवा करायची. "विरुद्ध!" की तांबडा. आणि काही लोक बाईंचं नाव घेऊन पुढे काहीच म्हणत नव्हते, नुसता नमस्कार करून सटकत होते, त्यांना करडा. ज्याचा कागदच मिळाला नाही तो पिवळा. घुमीला हे काम भलतंच आवडलं. ती स्वतःच निकाल द्यायला लागली. "आई, हा बघ, 'आदरपूर्वक मतभेद' म्हणतोय. म्हणजे विरुद्धच ना? नुसतं टाय घालून आलंय."

"हो," आई हसली. "टाय घातलेलं विरुद्ध."

आधी गंमत होती. मग आईचं हसणं कमी कमी होत गेलं. विरुद्ध. विरुद्ध. करडा. विरुद्ध. हिरवे होते, पण थोडे, आणि तेही सगळे जुने. सुट्टी संपत आली तेव्हा भोपळ्याभोवती जिकडे तिकडे तांबडंच तांबडं झालं होतं, आणि शेवटी घुमीने मधल्या वर्तुळाला बहुमताचा रंग दिला तेव्हा ते असं भडकलं की टेबलावर शेगडी पेटवल्यासारखं वाटलं.

"पण एवढे सगळे विरुद्ध का?" घुमीने विचारलं.

आईने लॅपटॉप थोडा लांब सरकवला. "कारण लेखात एक भोक आहे. मागे ठेवणाऱ्या देशात नापास झालेली कितीतरी मुलं वैतागून शाळाच सोडून जायची. वरच्या वर्गात उरायची ती हुशार. मग सरासरी वाढणारच."

"अच्छा!" बाबा म्हणाले. "म्हणजे लिफ्टमधून वजनदार माणसं उतरवली आणि म्हटलं, बघा, आमची लिफ्ट किती हलकी चालते."

"हे वाक्य मला माझ्या लेखासाठी देऊन टाक."

"फुकट नेऊ नकोस, उल्लेख कर. हिरवा." आणि मग बाबा जरा विचार करून म्हणाले, "तुमचं बरंय पण. आमच्याकडे चूक झाली की माणूस अडकतो. तुमच्याकडे चूक झाली की सत्कार होतो."

या विनोदावर आई हसली नाही. तिने तर घुमीला सांगितलं, "सत्काराच्या नकाशात रंग नकोत. सगळं निळं करू."

घुमी उसळलीच. "का? एवढं रंगवलं ते? आणि हे अर्धवट खरं झालं!"

"ऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच सत्कारात, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, भिंतीवर टांगून सांगू का, की तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाला जग नाही म्हणतंय म्हणून? लेखात सगळं लिहीन. भिंतीवर नाही." आई नकाशावरच्या भोपळ्याकडे बघत म्हणाली. "बाई इतक्या साध्या आहेत गं. प्रत्येक कार्यक्रमात हात जोडून म्हणतात, त्या लेखाचं नाव काढू नका, तो चुकलाय. आणि सगळे टाळ्या वाजवतात. एवढं नाव असून असा विनय! त्यांना हे कळलं तर त्या मोडतील. आणि कळलं माझ्यामुळे, तर मी त्यांच्या घराची पायरी पुन्हा कशी चढू?"

घुमीने लॅपटॉप आईकडे सरकवला.

तर नकाशा निळा झाला. खरं म्हणजे झाला नाही, आणि इथेच सगळी माती खाल्ली. आईने रंग पुसले नव्हते, नुसते लपवले होते. तो नकाशा थरांचा असतो, खाली निळा, वर रंगीत, आणि वरचा थर डोळ्याआड करता येतो. आईच्या लॅपटॉपवर तो निळाशार दिसत होता. छपाईच्या दुकानातल्या यंत्राला आईच्या मनातलं काय कळणार? त्याने थर उघडले आणि सगळे छापले.

नकाशा छापून आणायची जबाबदारी घुमीची होती. छपाईवाल्याने गुंडाळी करायच्या आधी विचारलंही होतं, "बघून घेतेस का एकदा? नंतर तक्रार चालणार नाही." पण घुमी तेव्हा त्याच्या मदतनीस बाईला वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी अभिनयासह सांगत होती. प्रतिस्पर्ध्याचं तोंड कसं पडलं तिथपर्यंत गोष्ट आली होती. तिने मागे वळूनसुद्धा न बघता हात हलवला. "ठीकच असणार हो, माझ्या आईने केलंय!"

छपाईवाल्याने खांदे उडवले आणि गुंडाळी खाकी कागदात बांधून दिली. ती तशीच, न उघडता, विभागात पोचली.

सत्काराच्या दुपारी आई आणि घुमी दालनात पोचल्या तेव्हा विभागातला शिपाई शिडीवरून खाली उतरत होता आणि नकाशा भिंतीवर चढलेला होता. खिडक्यांमधून ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. दारातूनच दिसलं. काय दिसलं हे सांगायला नको. सगळी भिंत पेटली होती.

आई थबकली. तिच्या हातातली पर्स खाली घसरली तेही तिला कळलं नाही. घुमीच्या कानात छपाईवाल्याचं वाक्य वाजलं. बघून घेतेस का एकदा? बघून घेतेस का?

"आई, मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "मी गप्पा मारत होते."

"काढा," आई शिपायाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा ते."

"अहो, आत्ता तर लावलं! चारी कोपरे ठोकलेत."

"मग चादर टाका वरून, काहीतरी करा..."

"चादर कशाला? झोपायची सोय केली आहे का माझी?"

मागून आवाज आला. मोठ्या बाई. जगात सगळे पाहुणे उशिरा येतात. मोठ्या बाई लवकर येतात, म्हणजे यजमानांची फजिती जवळून बघता येते, असं त्या स्वतःच सांगतात. हातात काठी, पायात कापडी बूट, आणि नाकावर दोऱ्याला बांधलेला चष्मा. त्यांच्यामागे विभागप्रमुख घाम पुसत पुष्पगुच्छ सांभाळत होते आणि दोन-चार जुने विद्यार्थी होते, जे आता स्वतःच टकले झाले होते.

बाई काठी टेकत थेट भिंतीपाशी गेल्या. मान वर करून बघितलं. मान तिरकी करून बघितलं. "हा मधला रसगोळा कोण?"

"आपणच, बाई! आपला लेख!" विभागप्रमुख पुढे सरसावले. "या विषयातला सर्वाधिक प्रभावी."

"आणि तांबडा का?"

विभागप्रमुखांनी आईकडे बघितलं. आईने जमिनीकडे बघितलं. विभागप्रमुख काही कमी नव्हते. "तांबडा म्हणजे... तेज, बाई. प्रभावाची ऊब. जसजसं आपण केंद्राकडे जातो तसतशी उष्णता..."

"ऊब," बाई म्हणाल्या. "मला एकदा कांजिण्या आल्या होत्या, तेव्हा मी अशी दिसत होते. अगं पोरी, तू सांग. नकाशा तुझा ना?"

आईचे ओठ हलले, पण आवाज बाहेर येईना. आणि घुमीला तो आवाज न येणं ओळखीचं वाटलं. किती वर्षं ती स्वतः अशीच उभी राहिली होती, घशात वाक्य अडकवून, सगळा वर्ग बघत असताना. आपल्या आईलाही असं होतं? चूक माझी, गप्प ती? छे!

"तांबडा म्हणजे विरुद्ध," घुमी म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने, स्पर्धेची सवय. "ज्यांनी तुमच्या लेखाचा उल्लेख करून त्याला चूक म्हटलंय ते तांबडे. बाजूने बोलले ते हिरवे. नुसता नमस्कार केला ते करडे. आईला हे भिंतीवर लावायचंच नव्हतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. चूक माझी आहे."

विभागप्रमुखांच्या हातातल्या पुष्पगुच्छाचा चमकता कागद कुरकुरला.

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे नाहीत. हिरवे आहेत, तिकडे कडेला. पण ते जुने आहेत."

"म्हणजे आता कोणी माझं ऐकत नाही?"

"जवळजवळ कोणीच नाही," घुमी म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला वाटलं की आपली जीभ छपाईवाल्याकडेच विसरून आलो असतो तर बरं झालं असतं.

"खुर्ची," बाई म्हणाल्या.

एकच धावपळ. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी, शिपायाने घाईत शिडीच पुढे केली. बाई बसल्या, चष्मा काढला आणि तळहाताने डोळे झाकले. त्यांचे खांदे हलायला लागले. आई त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. "बाई, माझं चुकलं, बाई..."

"हुश्श!" बाई म्हणाल्या.

आईला वाटलं गप्प बस म्हणताहेत. पण त्यांनी हात काढला तेव्हा चेहरा भिजलेला होता आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकदम, पोरासारखं. "हुश्श गं बाई! सुटले एकदाची!"

"म्हणजे?" विभागप्रमुखांच्या हातातला पुष्पगुच्छ उलटा झाला.

"म्हणजे काय म्हणजे? गेली कितीतरी वर्षं मी कंठशोष करून सांगतेय की तो लेख चुकलाय, चुकलाय, चुकलाय! आणि तुम्ही बैल सगळे टाळ्या वाजवता! काय तो विनय, काय तो साधेपणा! मी साधी नाहीये रे, मी चुकले होते! शाळा सोडून गेलेली पोरं मी मोजलीच नव्हती!" बाईंनी काठी आपटली. "लोक मला येऊन सांगायचे, बाई, तुमच्या लेखाचे एवढे उल्लेख झाले, तेवढे झाले. मला रात्री झोप लागायची नाही. मला वाटायचं, एवढे सगळे जण माझ्या भरवशावर पोरांना मागे ठेवताहेत! तो आकडा कुणी सांगितला की मला तेवढी पोरं दिसायची, बाकावर एकटी बसलेली. तो आकडा भांडणाचा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या कोणाच्या तरी आलं का?"

टकल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"हिच्या आलं," बाई म्हणाल्या आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला. मग तोच हात खाली नेऊन तिचा कान पिळला. "आणि आल्यावर हिने लपवलं! मला काचेची बाहुली समजलीस होय गं?"

"बाई, मला वाटलं तुम्ही मोडाल."

"मोडायला मी लाकूड आहे का? गवत आहे, गवत. वाकते आणि पुन्हा उभी राहते." त्यांनी नाक पुसलं, चष्मा चढवला. "मी तर लिहूनही टाकलं होतं, माझं चुकलं म्हणून. दोन पानं होती. एका छोट्या पत्रिकेत. छापलं आणि ती पत्रिकाच बंद पडली! मी म्हटलं, गेलं मातीत. कोणी वाचलं नसणार."

घुमीचे डोळे विस्फारले. पत्रिका बंद पडलेली. कागद न मिळालेला. पिवळा!

"थांबा थांबा थांबा," ती म्हणाली आणि भिंतीशी धावली. भोपळ्याच्या कुशीत, पार खालच्या बाजूला, एक मोहरीएवढा पिवळा ठिपका होता, शेजारी बारीक अक्षरात बाईंचं नाव. "हा तुमचाच! हा आम्हाला मिळालाच नव्हता. आणि आई तर मोठ्या लेखाचं एकच वाक्य शोधून वाचायची, त्यामुळे याच्याबद्दल कोण काय म्हणतंय ते आम्ही वाचलंच नाही. पण रेघा आहेत ना! शिडी द्या हो इकडे."

शिपायाला शेवटी शिडीचं काहीतरी सार्थक झाल्यासारखं वाटलं. घुमी दोन पायऱ्या चढली आणि बोट लावून एकेक रेघ मोजत गेली. पिवळ्या ठिपक्यातून रेघा फार निघत नव्हत्या, मोजून दहा-अकरा. पण त्या सगळ्या तांबड्यांकडे जात होत्या. आणि तेही कुठल्याही तांबड्यांकडे नाही. अगदी आतल्या, सगळ्यात जुन्या तांबड्यांकडे. त्यांच्यापासून पुढच्यांकडे, पुढच्यांपासून त्याच्या पुढच्यांकडे, आणि असं करत करत भिंतीच्या टोकापर्यंत.

"आई, हे बघ ना! सगळं भांडण इथूनच सुरू झालंय!"

आई उठली. तिने जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. तिच्यातली संशोधक अशी सहजासहजी हुरळणारी नव्हती. "रेघ आहे म्हणजे कारण आहे असं नाही हं," ती हळूच म्हणाली. "आधी त्या दहा-अकरा जणांनी काय लिहिलंय ते वाचावं लागेल. ती दोन पानंही वाचावी लागतील."

"माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "कपाटात, चादरींच्या खाली."

"पण," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळत गेला, "वाचलंय बाई कोणीतरी. एवढं नक्की. तुमची दोन पानं वाचली गेली आहेत."

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी काठीचं टोक त्या पिवळ्या ठिपक्याला टेकवलं. म्हणाल्या, "मागे राहिली ती पोरं काही आता पुढे येत नाहीत." आणि मग, "पण निदान माझ्या नावावर आणखी नकोत. बरं झालं. फार बरं झालं."

तोवर बाकीचे पाहुणे यायला लागले. आईने बरोबर आणलेलं निळ्या नकाशावरचं भाषण पर्समध्येच ठेवलं. ती तशीच उभी राहिली आणि रंगांवर बोलली. मोठं वर्तुळ म्हणजे मोठा मान असं नसतं, कधीकधी एखाद्या चुकीमुळे सगळं शास्त्र शहाणं होतं, आणि मोजायची राहून गेलेली मुलं शोधायला कितीतरी लोक बाहेर पडले ते एका लेखाशी भांडता भांडता. बाबांचं लिफ्टचं वाक्यही तिने सांगितलं, नावानिशी. दालन असं हसलं की मागच्या रांगेत कामाच्या कपड्यांत बसलेले बाबा लाजून तांबडे झाले.

शेवटी बाई बोलायला उभ्या राहिल्या. "माझा तो लेख चुकलाय," त्यांनी सुरुवात केली. सवयीने दोन-चार जणांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. बाईंनी काठी वर केली. हात खाली गेले.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता पुढचं ऐका."

कार्यक्रम संपल्यावर पुष्पगुच्छ त्यांनी विभागप्रमुखांनाच परत दिला आणि नकाशा मागितला. "पलंगासमोरच्या भिंतीवर लावणार. डोळे उघडले की दिसायला हवा."

घुमीने तो नीट गुंडाळला. या वेळी आधी उघडून, वरपासून खालपर्यंत बघून घेतला. बाई तिच्याकडे बघत होत्या.

"काय गं, तुझं नाव काय?"

"घरी घुमी म्हणतात."

बाईंनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "हिला? घुमी? हाही लेख दुरुस्त करायला हवा, पोरी."

घरी जाताना आई बाबांच्या स्कूटरवर मागे बसली आणि घुमी बसस्टॉपकडे निघाली. आईने हाक मारली. घुमीला वाटलं, आता बोलणी बसणार, छपाईवाल्याबद्दल. तयारीत उभी राहिली.

"उद्यापासून पुन्हा टेबलावर बसायचंय," आई म्हणाली. "पिवळे सगळे शोधायचेत. येशील ना?"

आता हे काय विचारणं झालं?